व्याह्यांना फरशी दाखवताना

फरशी ही बघायची गोष्ट असते, हे आमच्या व्याह्यांना काही केल्या पटेना. फरशीवर चालायचं असतं आणि शनिवारी ती पुसायची असते, एवढंच त्यांचं त्या विषयावरचं मत. पण मी पडलो उत्तर इटलीतल्या सास्सुओलोचा माणूस. आमच्या गावात टाइल्सशिवाय दुसरं काही पिकत नाही. त्यातल्याच एका कारखान्याच्या विक्री खात्यात मी उभा जन्म काढला. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी खाली बघतो आणि मग यजमानाच्या तोंडाकडे. आणि सिएनाच्या कॅथेड्रलमधली ती संगमरवरी फरशी, जी एरवी झाकलेली असते आणि उन्हाळा सरताना थोडे दिवस उघडी ठेवतात, ती मी या वयापर्यंत पाहिलेली नव्हती. ही गोष्ट मी गावात चारचौघांत बोलत नसे.

तर आमच्या इलेनियाचं लग्न ठरलं. मुलगा मिम्मो, पार दक्षिणेतल्या तारांतोचा, स्वभावाने गरीब. प्रश्न लग्न कुठे करायचं हा होता. माझं म्हणणं, सास्सुओलोत, ऐंशी माणसं, दुपारी जेवण आणि संध्याकाळी ज्याने त्याने आपापल्या घरी जावं. व्याही कातालदो लोमार्तिरे यांचं म्हणणं, तारांतोत, समुद्राकाठी, तीनशे माणसं, आणि संध्याकाळी घरी जातो तो पाहुणा कसला? यावर सहा महिने फोनवर जे काही चाललं होतं त्याला सभ्य माणसं चर्चा म्हणतात.

शेवटी सप्टेंबरात व्याही-विहीण आमच्याकडे आठवडाभर राहायला आले, तेव्हा इलेनियाने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, एक दिवस त्यांना कुठेतरी फिरवून आण. गोड बोल. कातालदोकाकांचं मन वळलं तर लग्न इथे होईल. पण भांडलात ना, तर मी आणि मिम्मो नगरपालिकेत जाऊन सह्या करू आणि तुम्हा चौघांना फोटो पाठवू."

एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाचा फोटो मोबाइलवर यावा, ही कल्पना मला सोसवेना. मी म्हटलं, सिएनाला नेतो, फरशी दाखवतो. अशी फरशी पाहिल्यावर माणसाला आपोआप थोडक्यात भागवायची बुद्धी होईल, असा माझा काहीतरी विचार होता. आता तो मलाही नीट आठवत नाही.

शनिवारची चार तिकिटं मी मोबाइलवर काढली. इथवर सगळं ठीक होतं. मग जिन्यात वरच्या मजल्यावरचे झानासी भेटले. झानासी स्वतः गेल्या कित्येक वर्षांत बाजारापलीकडे गेलेले नाहीत, पण जे जातात त्यांच्या सगळ्या चुका त्यांना तोंडपाठ असतात.

"शनिवारी? सिएनाला?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. माझ्या आजारपणाची बातमी ऐकावी तसा चेहरा केला. "बाराल्दी, तुम्हाला व्याह्यांना फरशी दाखवायचीय की जर्मनांची डोकी? शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारी जा."

"पण मी..."

"शुक्रवार. आणि गाडी गावात घालू नका. आणि चौकात जेवू नका, लुटतील. आणि त्यांच्या ब्रेडमध्ये मीठ नसतं, घरून न्या."

माणसाने जिना चढताना कधीही थांबू नये. मी घरात शिरून जाहीर केलं की आपण शुक्रवारी जातोय. सगळे हो म्हणाले. जाण्याचा दिवस बदलला. तिकिटांचा दिवसही बदलावा लागतो, हे मात्र त्या घरातल्या चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आता घरात म्हणतात की ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. विहीणबाई अद्दोलोरातांनी ब्रेडमध्ये मीठ नसल्याचं फारच मनावर घेतलं होतं. पहाटे उठून त्यांनी आमच्या ओव्हनमध्ये पास्त्याचा भला मोठा ट्रे भाजला होता, आत मांसाचे छोटे गोळे, उकडलेली अंडी आणि वितळलेलं चीज. तो त्यांनी टेबलावरच्या चादरीत गाठी मारून बांधला आणि माझ्या हातात दिला.

"जपून हो व्याहीबुवा. आडवा धरा."

तो ट्रे मी दिवसभर आडवा धरणार आहे याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

गाडीत कातालदो माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी चारी काचा वर करून घेतल्या. मानेला हवा लागली की माणूस खलास, असं त्यांचं ठाम मत. त्यांचे एक काका असेच गेले म्हणे. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पास्त्याचा वास दाटला होता आणि व्याही गळ्यात रेशमी रुमाल गुंडाळून आपल्या चुलत घराण्याची माहिती देत होते. तीनशे माणसं म्हणजे उगाच नाही, प्रत्येकाला काहीतरी कारण होतं. एकाने मिम्मोला पोहायला शिकवलं होतं. एकीने त्याला गोवरात मांडीवर घेतलं होतं. मी गोड बोलत होतो. मान डोलावून डोलावून माझी मानच दुखायला लागली.

वाटेत हमरस्त्यावर कॉफीला थांबलो. आता कॉफीचे पैसे कोण देणार हा आमच्या देशात साधा प्रश्न नाही. तो इज्जतीचा मामला असतो. मी हात धुवायला जातो असं सांगून मागच्या बाजूने गल्ल्यावर गेलो आणि चार कॉफ्यांची पावती घेतली. बाहेर आलो तर कातालदो विजयी मुद्रेने चार कॉफ्यांची दुसरी पावती नाचवत उभे. परत कुणाची करायची? त्यांनी माघार घेतली नाही आणि मीही घेतली नाही. काउंटरवर आठ कॉफ्या आल्या. मोरेनाने, म्हणजे माझ्या बायकोने, एक प्यायली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. विहीणबाईंना रक्तदाब, त्यांनी कशीबशी एक घेतली. उरलेल्या सहा आम्ही दोघांनी बरोबरीने संपवल्या आणि सिएना येईपर्यंत माझ्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडत राहिली.

गाडी झानासींच्या आज्ञेप्रमाणे गावाबाहेर ठेवली. ट्रे गाडीत राहिला तर उन्हाने आंबेल, असं विहीणबाईंचं म्हणणं पडलं, म्हणून तो बरोबर घेतला. सिएना हे गाव चढावर वसवलेलं आहे. जिकडून जाल तिकडून चढच आहे. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी, हातात चादरीत बांधलेला ट्रे, अशा थाटात मी व्याह्यांना इटलीचं वैभव दाखवत निघालो. एका जपानी बाईने माझाच फोटो काढला.

कॅथेड्रलच्या दाराशी रांग होती, पण मी सगळ्यांना बाजूने घेऊन ऐटीत पुढे गेलो. "आपली तिकिटं आहेत," मी कातालदोंना म्हटलं. "आधी योजना केली की माणूस रांगेत उभा राहत नाही." हे वाक्य मी घरूनच ठरवून आणलं होतं.

दारावरच्या मुलीने माझा मोबाइल पाहिला आणि फार प्रेमाने म्हणाली, "ही उद्याची आहेत."

"उद्याची म्हणजे?"

"उद्या या. उद्या चालतील."

"बाई, आम्ही आज आलोय."

"हो, ते दिसतंय मला."

तिची काहीच चूक नव्हती. आजची तिकिटं आता संध्याकाळचीच मिळतील, असं तिने सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं. मोरेना माझ्याकडे बघत होती. ती ओरडत नाही. नुसती बघते. कातालदोंनी मात्र मोठ्या मनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या हो, एर्मेस. फरशीच आहे ना?"

मी ट्रे आडवा धरून गप्प राहिलो. इलेनियाचा शब्द आठवला म्हणून, नाहीतर काहीतरी बोललो असतो.

तेवढ्यात व्याह्यांना बाजूच्या भिंतीत एक लहान दार दिसलं. त्यावर पाटी होती, फक्त प्रार्थनेसाठी. व्याह्यांचे डोळे चमकले. "देवाच्या घरात शिरायला तिकीट? आपण प्रार्थनेला आलोय!" आता हे कुठल्याही परदेशी माणसाला सुचलं नसतं. ती बिचारी पाटी वाचतात आणि रांगेत जाऊन उभी राहतात. आम्हाला पाटी दिसली की तिच्या आजूबाजूने वाट कुठे आहे ते आधी दिसतं. आणि खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. आत एकदा शिरलो की फरशी दोन पावलांवर.

दाराशी रखवालदार होता. विहीणबाई खरोखरच भाविक, त्यांनी कपाळाला, छातीला हात लावला आणि त्या सरळ आत गेल्या. मग मोरेना, मग व्याही. मग रखवालदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आपण प्रार्थनेला?"

"हो. बराच वेळ करायचीय."

"आणि यात काय आहे?"

आतून विहीणबाई मागे वळल्या. "जेवण आहे रे बाळा! प्रार्थनेला किती वेळ लागेल ते आधी सांगता येतं का?"

तो बाजूला सरकला आणि मी आत गेलो.

आत अंधारं छोटं देवघर होतं, चार बाकं, आणि कॅथेड्रलच्या मुख्य भागाच्या बाजूला जाडजूड पडदा टांगलेला. पडद्याच्या पलीकडे माणसांच्या पावलांचा आवाज येत होता. फरशी तिथे होती. आणि पडदा जमिनीपासून वीतभर वर होता.

मी बाकांकडे ओझरतं पाहिलं. लोक थोडेच होते, सगळे माना खाली घालून बसलेले. मी ट्रे बाकावर ठेवला, पडद्याजवळ जाऊन गुडघे टेकले, मग हात टेकले, मग कपाळ जमिनीला लावलं. पडद्याखालून मला एका संगमरवरी जनावराची शेपटी दिसली. काळी, पांढऱ्यात बसवलेली, आणि सांधा म्हणून दिसेल तर शपथ. मी आणखी खाली वाकलो. डोळ्यांत पाणी आलं. पाणी कशाने आलं ते विचाराल तर त्या सांध्याने, आणि थोडंसं तीन कॉफ्यांनी.

खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. काळ्या कपड्यातली चाळिशीची बाई माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

"इतकं नका लावून घेऊ," ती म्हणाली. "शेवटी शांतपणे गेली हो मावशी."

मी मान वर केली तेव्हा मला बाकांच्या पुढे ठेवलेली शवपेटी दिसली. येताना मी नेहमीप्रमाणे खाली बघत आलो होतो.

आता इथे सरळ माफी मागून उठलं असतं तर सगळं आटोपलं असतं. पण त्या बाईने, तिचं नाव मारुस्का, कातालदोंना विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

"तारांतोहून," व्याही म्हणाले. खरं तेच बोलले.

"तारांतोहून! आणि हे?"

"मी मोदेनाकडचा," मी म्हटलं. हेही खरंच, सास्सुओलो मोदेना जिल्ह्यातच येतं.

मारुस्का तोंडावर हात धरून रडायला लागली. "चेलिंदामावशीसाठी इतक्या लांबून! इथल्या गल्लीतले लोक आले नाहीत हो." आणि तिने आम्हाला पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. साऱ्या प्रकारात आमच्यापैकी कुणी एक अक्षर खोटं बोललं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मी व्याह्यांच्या कानात म्हटलं, "हळूच निघू या."

ते ऐकून विहीणबाई कडाडल्या, पण कुजबुजत. "मयताला पाठ दाखवून? मुलांचं लग्न तोंडावर आलंय आणि अर्ध्या मिस्सेतून, चालू प्रार्थनेतून उठायचं? बसा खाली!"

बसलो. माझे वडील कट्टर लाल बावट्याचे, आयुष्यात दोनदा चर्चमध्ये गेले आणि दुसऱ्यांदा त्यांना उचलून न्यावं लागलं. मला यातलं काही येत नाही. पाद्री काही म्हणायचे, सगळे उत्तर द्यायचे, मी ओठ हलवायचो. उठायचं तेव्हा बसायचो. आणि बाकावरच्या ट्रेमधून चीजचा आणि मांसाचा असा घमघमाट सुटला होता की पाद्रीबुवांनी दोनदा वाचता वाचता मान वर केली.

बाकं मात्र रिकामी होती. मारुस्का, मावशीला सांभाळणारी एक बाई, काठी टेकत आलेले एक म्हातारे शेजारी, आणि दोन वृद्धा ज्या बहुधा रोजच येत असाव्यात. बाकी आम्ही. पाद्रींनी सांगितलं की बाईंनी या गावातल्या पिढ्यान् पिढ्या पोरांना लिहायला वाचायला शिकवलं. मी मागे वळून पाहिलं. ती पोरं कुठे दिसत नव्हती.

मिस्सा संपली तर नवीनच पंचाईत. अंत्यविधीवाल्यांची दोनच माणसं आली होती, कारण मारुस्काचा चुलतभाऊ दोन मित्र घेऊन खांदा द्यायला येणार होता. त्याचा निरोप आला होता, कामातून सुटका होत नाही. त्या दोघांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. काठीवाले म्हातारेही पुढे सरसावले, त्यांना मोरेनाने हाताला धरून बसवलं.

मी चांगला उंच. व्याही माझ्या काखेत मावतील एवढे. पुढे आम्ही दोघं, मागे ते दोघं. पेटी उचलली तशी ती कातालदोंकडे कलली.

"वर उचला!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"तुम्ही खाली वाका! देवाने तुम्हाला गुडघे दिलेत ना?"

मी गुडघे वाकवून चालायला लागलो. त्यात गळ्यातला कॅमेरा काढायचा राहून गेलेला. दर पावलाला तो पेटीवर आपटून टक टक करायचा. दाराशी एक वृद्धा थबकली, तिने पेटीकडे पाहिलं आणि झटकन छातीवर क्रूस केला. रखवालदाराने टोपी काढली. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जो पश्चात्ताप दिसला, तो मला पुरता लाजवून गेला. बाहेर रांगेतले सगळे परदेशी गप्प उभे राहिले आणि त्यांनी वाट करून दिली.

दफन मावशीच्या माहेरच्या गावी, दुसऱ्या दिवशी. गाडी पेटी घेऊन गेली आणि मारुस्का चौकात उभी राहिली. तिच्या एका हातात मावशीच्या घराची किल्ली होती आणि कुठे जावं हे तिला समजत नव्हतं.

विहीणबाई तिच्याजवळ गेल्या. "घरी कोण आहे गं तुझ्या?"

"कुणी नाही. मी एकटीच. आईवडील गेले, आणि आता ही."

"जेवलीस?"

तिने मान हलवली.

"ज्या घरात मरण झालं तिथे चूल पेटवायची नसते," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे शेजारी जेवण घेऊन येतात. इथे शेजारी नाहीत तर आम्ही आहोत. व्याहीबुवा, ट्रे आणा."

ट्रे अर्थातच एव्हाना पुन्हा माझ्याच हातात आला होता.

मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघरात आम्ही सगळे बसलो, सांभाळणारी बाई आणि काठीवाले शेजारीही. मारुस्का आधी नुसती काट्याने चिवडत होती, मग तिने दोनदा वाढून घेतलं. आणि मग तिने विचारलं, जे ती कधीतरी विचारणारच होती.

"मावशीची ओळख कशी झाली तुमची?"

व्याही घास तोंडात धरून माझ्याकडे बघायला लागले. दिवसभर बोलणारा माणूस नेमका आता गप्प. शेवटी मीच सांगितलं. तिकिटं उद्याची, पाटी, पडदा आणि ती शेपटी. सांगताना मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

मारुस्काने काटा खाली ठेवला. मग ती हसली. डोळे पुसत पुसत हसली. "म्हणजे तुम्ही कुणीच नव्हतात?" ती म्हणाली. "तरी आलात."

निघताना तिने विहीणबाईंना मिठी मारली ती सोडेचना. विहीणबाईंनी तिला आपला फोन नंबर दिला, पत्ता दिला, नाताळला यायचं वचन घेतलं आणि ट्रेही तिथेच ठेवला. संध्याकाळी कॅथेड्रलची रांग कमी झाली होती. मोरेना म्हणाली, "आता मिळतील तिकिटं, जायचं का?" मी नको म्हटलं. माझा खांदा दुखत होता.

परतीच्या वाटेवर व्याह्यांनी पुन्हा पहिलंच सुरू केलं. हॉटेल कसं मोठं आहे, मासळी कशी ताजी असते, आणि तीनशे म्हणजे किती कमी. मी ऐकत नव्हतो. मला ती रिकामी बाकं दिसत होती, आणि पहिल्या बाकावर मारुस्काच्या जागी माझी इलेनिया. तिला भाऊ नाही, बहीण नाही. माझ्या बाजूचे नातेवाईक मोजायला एक हात पुरतो. ऐंशींतले निम्मे तर कारखान्यातले, आणि ते माझ्याआधीच जाणार.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर तिचाच फोन वाजला.

"बाबा, कसा गेला दिवस? भांडलात का?"

"नाही. लग्न तारांतोला करू."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "आई, तू आहेस ना तिथे? त्यांनी बाबाला काय केलंय?"

"काही केलेलं नाही," मी म्हटलं. "ज्याने मिम्मोला पोहायला शिकवलं त्याला तुझा चेहरा माहीत पाहिजे. जिने गोवरात मांडीवर घेतलं तिलाही. सगळ्यांना माहीत पाहिजे. आम्ही नसलो ना, की तुझ्या दारात उभं राहायला माणसं लागतील, इलेनिया. खूप लागतील."

मागच्या सीटवर मोरेना नाक शिंकरत होती. कातालदोंनी गळ्यातला रुमाल सोडून डोळ्यांना लावला, मग घसा साफ केला.

"एर्मेस, आता ठरलंच आहे तर सांगून टाकतो. तीनशे मी तुमची भीड म्हणून म्हणत होतो. खरा आकडा तीनशे चाळीस आहे."

"पुरतील ना हो तेवढी?" मी विचारलं.